मुक्तस्रोत व्यवसायप्रणालींची जोडणी

मुक्तस्रोत व्यवसायप्रणालींची जोडणी : हिशेब, साठा, विक्री, गुणवत्ता-तपासणी, पत्रव्यवहार इ. कामांसाठी उद्योगसंस्थेने स्वतःच्या संगणकावर चालविलेल्या निरनिराळ्या सॉफ्टवेअर प्रणाली परस्परांशी अशा रीतीने जोडणे की, एकीत झालेली नोंद माणसाने पुन्हा न लिहिता दुसरीत आपोआप पोहोचावी. त्यासाठी खास आज्ञावली न लिहिता तयार साधनांचा उपयोग केल्यास तिला विनाआज्ञावली जोडणी म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाचण्याची, वापरण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा परवान्याने दिलेली असते ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. असे सॉफ्टवेअर भाड्याच्या सेवेऐवजी स्वतःच्या ताब्यातील सर्व्हरवर चालविणे म्हणजे स्वगृही मांडणी. हा सर्व्हर कारखान्यातील असेल किंवा भाड्याने घेतलेला असेल. त्यातील माहिती व नियंत्रण संस्थेकडे असणे महत्त्वाचे.

आज्ञावली लिहावी लागत नाही याचा अर्थ विचार करावा लागत नाही असा नाही. कोणती घटना घडल्यावर काय व्हावे, कोणत्या रकान्यातील मजकूर कोठे जावा आणि मध्येच खंड पडल्यास कोणाला कळावे, हे संस्थेलाच ठरवावे लागते. पूर्वी हे निर्णय आज्ञावलीकार संहितेत लिहीत असे. आता ते पडद्यावर मांडलेल्या ठोकळ्यांत आणि रेषांत असतात. जोडणीचे यश मुख्यतः या निर्णयांच्या अचूकपणावर अवलंबून असते.

इतिहास : लहान, स्वतंत्र साधने जोडून मोठे काम करून घेण्याची कल्पना संगणकशास्त्रात जुनी आहे. डग्लस मकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत ‘नळी’ची सोय करण्यात आली. तिच्यामुळे एका आज्ञावलीचे फलित थेट दुसरीस पुरविता येऊ लागले. त्याच दशकात आयबीएम कंपनीच्या कॅनडातील शाखेत जे. पॉल मॉरिसन यांनी प्रवाहाधारित आज्ञावलीची पद्धत विकसित केली. तीत काम करणारे ठोकळे व त्यांमधून वाहणारी माहिती यांची आकृती हीच आज्ञावली मानली जाते. आजची बहुतेक जोडणी-साधने याच पद्धतीची आहेत.

कंपन्यांमधील व्यवहारांसाठी ठरावीक मांडणीतील संदेशांची देवघेव मोठ्या वाहन-उद्योगांत पूर्वीपासून प्रचलित आहे. या संदेशांच्या ‘एडिफॅक्ट’ नियमांना १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मात्र ती यंत्रणा खर्चिक असल्याने लहान पुरवठादारांच्या आवाक्यात नव्हती. रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात ‘रेस्ट’ ही रचनापद्धती मांडली. त्यानंतर साध्या वेब पत्त्यावर विनंती पाठवून नोंद मागविणे किंवा लिहिणे रूढ झाले. घटना घडताच एका प्रणालीने दुसरीस आपण होऊन कळविण्याच्या पद्धतीस जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये ‘वेबहुक’ हे नाव दिले.

याच वर्षी याहू कंपनीने ‘पाइप्स’ ही सेवा सुरू केली. तीत सर्वसामान्य माणसालाही ठोकळे जोडून माहितीचे प्रवाह तयार करता येत. कंपनीने २०१५ मध्ये ती बंद केली आणि वापरणाऱ्यांनी तिच्यात बांधलेले प्रवाहही थांबले. ‘इफ्ट’ (२०१०) व ‘झेपियर’ (२०११) या सेवा पुढे लोकप्रिय झाल्या. पण त्याही सेवादात्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या होत. स्वगृही चालविता येण्याजोग्या साधनांत अँड्र्यू कँटिनो यांचे ‘हगिन’ (२०१३), आयबीएममधील निक ओलिअरी व डेव्ह कॉनवे-जोन्स यांचे ‘नोड-रेड’ (२०१३) आणि यान ओबरहाउझर यांनी बर्लिन येथे प्रसिद्ध केलेले ‘एनएटएन’ (२०१९) ही प्रमुख आहेत.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : मुक्तस्रोत व्यवसायप्रणालींपैकी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही जगभर वापरली जाणारी प्रणाली मुंबईतील आहे. रुशभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने ती विकसित केली. ही संस्था आज फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. प्रणाली मुख्यतः पायथॉन या संगणकीय भाषेत लिहिलेली असून तिला जीएनयू सार्वजनिक परवाना (आवृत्ती ३) लागू आहे. लेखापालन, खरेदी-विक्री, साठा, उत्पादन व कर्मचारी यांच्या नोंदी तीत एकत्र ठेवता येतात.

या विषयाचे व्यावहारिक महत्त्व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद, नामांतर २०२३) येथील कारखानदारीच्या संदर्भात चांगले समजते. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक क्षेत्रांनी या शहराला मराठवाड्याचे उद्योगकेंद्र बनविले. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती दुचाकी व तीनचाकी वाहनांचे सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची साखळी उभी राहिली. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील शेंद्रा-बिडकीन ही ‘ऑरिक’ नावाची नवी औद्योगिक नगरी २०१९ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आली. अशा साखळीतील लहान पुरवठादाराला ग्राहकाचे वेळापत्रक, स्वतःचा साठा, तपासणीचे अहवाल आणि सरकारी कर-संकेतस्थळ या चारही ठिकाणी एकाच मालाच्या नोंदी कराव्या लागतात. एकच आकडा चार वेळा लिहिला की तो चार प्रकारे चुकू शकतो.

वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेने या निकडीत भर घातली. आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून अनिवार्य झाले. सामान्यतः ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ते लागते. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील व्यवहारांच्या ई-बीजकाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढालीच्या उद्योगांपासून सुरू झाली. ही मर्यादा क्रमशः १००, ५०, २० व १० कोटींवर आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. परिणामी, ज्यांच्याकडे स्वतंत्र संगणक विभाग नाही असे अनेक कारखानेही तीन वर्षांत या व्यवस्थेत आले.

जोडणीचे घटक : विनाआज्ञावली जोडणीत सामान्यतः पाच घटक असतात. (१) प्रेरक घटना : जोडणी सुरू करणारी घटना, उदा., बीजक कायम होणे, ठरावीक वेळ होणे किंवा नवे ईमेल येणे. (२) प्रवेशद्वार : प्रत्येक प्रणालीने इतर प्रणालींसाठी उघडे ठेवलेले नियमबद्ध द्वार, यास एपीआय म्हणतात. (३) रकान्यांची सांगड : एका प्रणालीतील ‘ग्राहक’ हा रकाना दुसऱ्या प्रणालीतील ‘पक्षकार’ या रकान्यास जुळविणे. (४) अट : अमुक असेल तर एक मार्ग, नसेल तर दुसरा. (५) ओळखपत्र : एका प्रणालीला दुसरीत प्रवेश देणारी गुप्त किल्ली.

माहिती पोहोचविण्याच्या पद्धती दोन आहेत. पहिलीत जोडणी-साधन ठरावीक अंतराने ‘नवीन काही आहे का’ असे विचारीत राहते. दुसरीत मूळ प्रणाली घटना घडताच वेबहुकद्वारा कळविते. पहिली पद्धत संथ पण खंडानंतर सावरण्यास सोपी असते, कारण मागे राहिलेल्या नोंदी पुढील फेरीत सापडतात. दुसरी तत्काळ असते. परंतु ऐकणारे साधन त्या क्षणी बंद असल्यास संदेश हरवू शकतो. म्हणून महत्त्वाच्या नोंदींसाठी वेबहुक ठेवून दिवसाअखेर एकदा विचारणाही करून ताळा घेणे श्रेयस्कर ठरते.

ईआरपीनेक्स्टमध्ये प्रत्येक प्रकारच्या दस्तऐवजासाठी एपीआय आपोआप उपलब्ध होते. वेबहुकही एखादा अर्ज भरावा तसे तयार करता येतात : दस्तऐवजाचा प्रकार, घटना, अट, पाठविण्याचा पत्ता व संदेशातील रकाने एवढे भरले की पुरते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. या प्रणालीत बीजक आधी मसुद्याच्या अवस्थेत असते व नंतर ते ‘सादर’ केले जाते. सादर झालेल्या बीजकातील रकमा बदलता येत नाहीत. ते रद्द करून सुधारित बीजक करावे लागते. जोडणी मसुदा साठविण्याच्या घटनेला बांधली, तर अर्धवट बीजकेही पुढे जाऊ लागतात. ती सादर करण्याच्या घटनेलाच बांधली पाहिजे.

उदाहरण : वाळूज येथील दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या एखाद्या लघुउद्योगाची कल्पना करता येईल. त्याचे हिशेब व साठा ईआरपीनेक्स्टमध्ये, तपासणी-अहवाल ‘नेक्स्टक्लाउड’ या मुक्तस्रोत दस्तऐवज-भांडारात आणि जोडणी-साधन तिसऱ्या जागी आहे. विक्रीविभागाने बीजक सादर केले की ई-बीजक व ई-वे बिलाची नोंद ईआरपीनेक्स्टसाठी उपलब्ध असलेल्या तयार ‘इंडिया कंप्लायन्स’ जोडसॉफ्टवेअरद्वारा होते. त्यानंतर वेबहुकचा संदेश जोडणी-साधनाकडे येतो. साधन बीजकातील खेपेच्या क्रमांकावरून भांडारात तपासणी-अहवाल शोधते. अहवाल सापडल्यास तो व बीजकाची प्रत ग्राहकास ईमेलने जातात आणि माल सोडण्याची सूचना फाटकावरील पहारेकऱ्यास मिळते. न सापडल्यास प्रवाह तेथेच थांबतो व तपासनीसास संदेश जातो.

यात शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. अहवाल नसताना काय व्हावे हे ठरविलेले नसेल, तर जोडणी एक तर माल अडवून धरील किंवा अहवालाविना सोडील, आणि दोन्ही वेळा कोणालाही काही कळणार नाही. हाताने चालणाऱ्या पद्धतीत हा प्रश्न भांडारपालाच्या अनुभवाने सुटतो. स्वयंचलित पद्धतीत तो आधीच लिहून ठेवावा लागतो. म्हणून जोडणीचा आराखडा करताना त्या कामावरील माणसांची माहिती घेणे अपरिहार्य असते.

ओळखचिन्हांचा प्रश्न : जोडणीतील बहुतेक अडचणी तांत्रिक नसून नावांच्या असतात. एकच भाग कारखान्यात एका क्रमांकाने, ग्राहकाकडे दुसऱ्या आणि तपासणी-कक्षात रेखाचित्राच्या क्रमांकाने ओळखला जातो. रेखाचित्रात सुधारणा झाली की भाग-क्रमांक तोच राहून केवळ आवृत्ती बदलते. ती सांगडीत घेतली नसेल, तर जुन्या मापाचा अहवाल नव्या मालास जोडला जातो. एककांचीही गल्लत होते : एकीकडे नग तर दुसरीकडे किलोग्रॅम. ग्राहकाचा भाग-क्रमांक वस्तूच्या मूळ नोंदीतच लिहून ठेवण्याची सोय ईआरपीनेक्स्टमध्ये आहे. ती जोडणीपूर्वी काळजीपूर्वक भरणे हे कंटाळवाणे, पण सर्वांत मोलाचे काम होय.

पक्षकाराच्या ओळखीसाठी १५ अक्षरांकी जीएसटी क्रमांक सोयीचा वाटतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्रासाठी २७). तथापि एकाच राज्यात एका कंपनीचे अनेक कारखाने एकाच क्रमांकाखाली नोंदलेले असू शकतात. त्यामुळे या क्रमांकावरून बीजक कोणाचे हे कळते, माल कोणत्या फाटकावर जावा हे कळत नाही. त्यासाठी ठिकाणाचे वेगळे चिन्ह आवश्यक असते.

काळाच्या नोंदीतही असाच धोका असतो. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेनुसार चालतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे तीन वाजता रात्रपाळीत केलेली नोंद अशा सर्व्हरवर ३१ मार्चची ठरते आणि आर्थिक वर्षच बदलते. सर्व प्रणालींची वेळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे याची खात्री आरंभीच करून घ्यावी लागते.

द्विरुक्ती आणि खंड : संदेश पोहोचला, नोंद झाली, पण पोच परत येताना संपर्क तुटला, तर पाठविणारी प्रणाली तोच संदेश पुन्हा पाठवू शकते. त्यामुळे एकाच मालाची दोन चलने होण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराला एकमेव ओळखचिन्ह देणे आणि ते आधी नोंदलेले असल्यास दुसरा संदेश दुर्लक्षित करणे. ई-बीजक व्यवस्था हे या तत्त्वाचे बोधप्रद उदाहरण आहे. बीजकाचा ६४ अक्षरांकी संदर्भ-क्रमांक पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार व दस्तऐवज-क्रमांक यांपासून गणिती रीतीने काढला जातो. साहजिकच तेच बीजक पुन्हा पाठविले तरी क्रमांक तोच येतो व व्यवस्था दुसरी नोंद नाकारते. चुकीचे ई-बीजक त्या संकेतस्थळावर २४ तासांच्या आतच रद्द करता येते. स्वयंचलित जोडणीतील चूक त्याच दिवशी लक्षात येणे का निकडीचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

खंड पडल्यावर तो लक्षात येण्यासाठी प्रत्येक प्रवाहाला अपयशाचा स्वतंत्र मार्ग असावा लागतो. नोड-रेड व एनएटएन या दोन्ही साधनांत अपयशी प्रवाह पकडून सूचना पाठविण्याचे ठोकळे आहेत. मात्र सूचना नेमक्या व्यक्तीस गेली पाहिजे. सर्वांना जाणारी सूचना कोणीच वाचत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

लेखापरीक्षण व कायदा : जोडणी-साधनातून मूळ प्रणालीच्या विदा-भांडारात थेट लिहिणे तांत्रिक दृष्ट्या शक्य असते व ते जलदही असते, परंतु ते टाळावे लागते. अशा लेखनामुळे प्रणालीतील तपासण्या व बदलांच्या नोंदी दोन्ही वगळल्या जातात. कंपनी कायद्याखालील लेखा नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक व्यवहाराच्या बदलांची नोंद ठेवणारे व ती नोंद बंद करता न येणारेच लेखा-सॉफ्टवेअर वापरावे लागते. म्हणून लेखन नेहमी एपीआयद्वारा आणि जोडणीसाठी राखलेल्या स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावे करावे. त्यामुळे कोणती नोंद माणसाने केली व कोणती जोडणीने केली, हे परीक्षकास वेगळे दिसते.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारास माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावयास हवेत. या हक्काचा आधार म्हणजे माल केव्हा पोहोचला व स्वीकारला गेला याची नोंद. ती ग्राहकाच्या संकेतस्थळावरच असेल, तर वादाच्या प्रसंगी पुरवठादार दुर्बळ ठरतो. पोच येताच तिची प्रत स्वतःच्या प्रणालीत आणणारी एक साधी जोडणीही त्यामुळे मोलाची ठरते.

परवाने : ‘मूळ संहिता उपलब्ध आहे’ आणि ‘सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे’ ही दोन विधाने समानार्थी नाहीत. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह (स्था. १९९८) या संस्थेच्या व्याख्येनुसार वापराच्या क्षेत्रावर बंधन घालणारा परवाना मुक्तस्रोत ठरत नाही. नोड-रेड अपाचे परवान्याखाली, तर हगिन एमआयटी परवान्याखाली असल्याने ती या व्याख्येत बसतात. एनएटएनची संहिता खुली असली, तरी २०२२ पासून लागू असलेल्या त्याच्या परवान्यात संस्थेच्या अंतर्गत कामासाठी वापर मुक्त असून इतरांना तीच सेवा विकण्यावर बंधने आहेत. लघुउद्योगाला स्वतःच्या कामापुरती याची अडचण येत नाही. मात्र अशी जोडणी इतर कारखान्यांना सेवा म्हणून पुरवू इच्छिणाऱ्या व्यावसायिकाने परवाना वाचून घेणे आवश्यक असते.

स्वगृही मांडणीची जबाबदारी : सेवादात्यास द्यावे लागणारे भाडे वाचते, पण त्याने वाहिलेली जबाबदारी संस्थेकडे येते. वीजपुरवठा खंडित झाल्यास सर्व्हर सुरक्षित बंद होण्याची व्यवस्था, सुरक्षा-सुधारणा वेळेवर बसविणे, इंटरनेटवर फक्त आवश्यक द्वारेच उघडी ठेवणे आणि संदेश खरोखर अपेक्षित प्रणालीकडूनच आला आहे हे सांकेतिक स्वाक्षरीने पडताळणे, ही त्यांतील मुख्य कामे होत. जोडणी-साधनात सर्व प्रणालींच्या किल्ल्या एकत्र असतात. ते घुसखोराच्या हाती पडल्यास संपूर्ण व्यवसाय उघडा पडतो. म्हणून प्रत्येक किल्लीला तिच्या कामापुरताच अधिकार द्यावा. केवळ बीजक वाचणाऱ्या प्रवाहास ते रद्द करण्याचा अधिकार असू नये.

राखीव प्रतींच्या बाबतीतही दक्षता लागते. एनएटएन आपल्याकडील ओळखपत्रे एका कूटकिल्लीने बंदिस्त करून साठविते. विदा-भांडाराची प्रत आहे, पण ही किल्ली नाही, अशा स्थितीत प्रवाह परत मिळतात, ओळखपत्रे मिळत नाहीत. प्रत घेणे पुरेसे नसून तिच्यापासून प्रणाली प्रत्यक्ष उभी राहते की नाही हे अधूनमधून करून पाहावे लागते. प्रवाह मजकुराच्या स्वरूपात निर्यात करून मुख्य दस्तऐवजांबरोबर ठेवणे, प्रत्येकाचा हेतू मराठीत दोन-तीन ओळींत लिहिणे आणि निदान दोघांना त्यांची माहिती असणे आवश्यक असते. एकाच कर्मचाऱ्याने बांधलेली व त्याच्याच लक्षात असलेली जोडणी तो नोकरी सोडून गेल्यावर कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

मर्यादा : ठोकळ्यांची पद्धत सरळ, थोड्या पायऱ्यांच्या कामांस उत्तम असते. अटींवर अटी वाढू लागल्या, हजारो नोंदींवर एकाच वेळी गणित करावयाचे झाले किंवा प्रवाहाची आकृती एका पडद्यावर मावेनाशी झाली की आज्ञावली लिहिणेच स्वच्छ व स्वस्त ठरते. तसेच सर्वच दुवे संस्थेच्या ताब्यात येऊ शकत नाहीत. सरकारी कर-संकेतस्थळाशी लहान उद्योगांचा संगणकीय संपर्क बहुधा अधिकृत मध्यस्थ संस्थांमार्फत होतो. ग्राहक-कंपनीच्या संकेतस्थळास एपीआय नसल्यास तेथील नोंद हातानेच करावी लागते. अशा ठिकाणी पडद्यावरील मजकूर यंत्राने टिपून घेण्याचे उपाय केले जातात, पण संकेतस्थळाची मांडणी बदलताच ते निकामी होतात.

सामान्यतः एकाच वारंवार होणाऱ्या व त्रासदायक नोंदीपासून आरंभ करून काही आठवडे हाताची व यंत्राची पद्धत समांतर चालवावी, दोहोंचा ताळा जमल्यावरच हाताची पद्धत बंद करावी आणि मगच पुढील जोडणी हाती घ्यावी, असा क्रम सुरक्षित समजला जातो. या पद्धतीने लघुउद्योगाचे मनुष्यबळ वाचतेच. शिवाय स्वतःच्या व्यवहाराची संपूर्ण व जुळणारी नोंद स्वतःजवळ असल्याने मोठ्या ग्राहकाशी, कर-अधिकाऱ्याशी व बँकेशी बोलताना त्याची बाजू भक्कम होते.